वृद्ध व अपंग ह्यांची दीर्घकालीन शुश्रूषा : अमेरिकेतील घटक राज्यांचे संयोजनकार्य

दीर्घकालीन शुश्रूषा म्हणजे काय हे सांगताना ती काय नव्हे हे आधी सांगणे सोयीचे पडते. ती रोगोपचार नव्हे. पक्षाघाताने एक बाजू लुळी पडलेल्या मनुष्यास वैद्याने जे द्यावयाचे ते देऊन झाल्यावर जे उरते, म्हणजे त्याला सकाळी अंथरुणातून उठविणे, शौचास नेणे, अंग धुणे, कपडे चढविणे, घास भरविणे, ते सर्व ह्या संज्ञेत येते. रोगोपचाराला कोठे तरी शेवट असतो. ह्या कामाला दिवसाचाही शेवट नसतो, कारण रात्री कूस बदलून द्यावी लागते. मराठीत ह्या कामासाठी रूढ असलेला 'शुश्रूषा' हा शब्द संस्कृतातील 'श्रु' धातूच्या इच्छार्थक रूपापासून आलेला आहे. 'ऐकण्याची इच्छा' हा त्याचा मूळ अर्थ. त्यावरून गुरूची आज्ञा ऐकणे, त्याची सेवा करणे आणि पुढे रुग्णाची देखभाल करणे असा अर्थविस्तार झाला. शासनाने हे काम अंगावर घेतले म्हणजे प्रथम हे ऐकणेच अवघड होऊन बसते. शासनाला अनेक खाती असतात, आणि प्रत्येक खाते आपापल्या संज्ञेपुरतेच ऐकते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ही अडचण विशेष स्पष्टपणे पाहावयास मिळते. तेथे ह्या शुश्रूषेचा सार्वजनिक भार मुख्यतः घटक राज्यांच्या शासनांवर आहे. पैशाचा निम्मा किंवा त्याहून अधिक वाटा संघशासन उचलते आणि नियमांची चौकटही तेच घालून देते. परंतु सेवा कोणास द्यावयाची, कोठे द्यावयाची, किती तास द्यावयाची आणि ती देणाऱ्या माणसास मोबदला काय द्यावयाचा, हे बव्हंशी राज्य ठरविते. परिणामी पन्नास राज्यांत पन्नास पद्धती निर्माण झाल्या आहेत. एखाद्या गावातील ऐंशी वर्षांची आई आणि तिच्याजवळ राहणारा, बौद्धिक अपंगत्व असलेला पन्नाशीचा मुलगा ह्यांचे घर डोळ्यांसमोर आणावे. आईसाठी वृद्धसेवांचे कार्यालय, मुलासाठी विकासात्मक अपंगत्वाचे कार्यालय, दोघांच्या औषधपाण्यासाठी तिसरे, शिध्याच्या साहाय्यासाठी कदाचित चौथे. आई मुलाचे सगळे करते आणि मुलगा आईला बाजारातून सामान आणून देतो. परंतु ही गोष्ट कोणत्याच कागदावर येत नाही, कारण कोणत्याही कागदावर दोघांची नावे एकत्र नसतात. आई अंथरुणाला खिळली की दोन्ही कार्यालयांना एकाच दिवशी जाग येते.

ह्या विखुरलेल्या खात्यांना एकत्र आणणे ह्याला संयोजन म्हणतात. व्यवहारात त्या शब्दाने पुष्कळदा बैठका आणि परिपत्रके एवढेच सूचित होते. अमेरिकेतील ज्या थोड्या राज्यांना ह्या बाबतीत खरे यश आले, त्यांचा इतिहास पाहता संयोजनाचे मर्म निराळेच असल्याचे आढळते. शुश्रूषागृहाच्या खर्चाची थैली आणि घरी दिल्या जाणाऱ्या सेवेच्या खर्चाची थैली एकाच हाती असणे, आणि गरजेचा निवाडाही त्याच हाताने होणे, हे ते मर्म होय. हे इतके दुर्घट का झाले ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

एकोणिसाव्या शतकात निराधार वृद्ध, वेडसर आणि पंगू ह्या सर्वांना परगण्याच्या खर्चाने चालणाऱ्या दरिद्रालयांत ठेवीत. ह्या दरिद्रालयांची दुष्कीर्ती एवढी होती की १९३५ साली सामाजिक सुरक्षितता कायदा झाला तेव्हा सार्वजनिक संस्थेत राहणाऱ्यास वृद्धसाहाय्याचा पैसा मिळू नये, अशी अट त्यात घालण्यात आली. दरिद्रालये ओस पडावीत हा हेतू होता. परंतु जी माणसे स्वतः उठूबसू शकत नव्हती ती जाणार कोठे? ती खासगी निवासांत गेली, कारण तेथे राहून साहाय्य घेता येई. अनेक ठिकाणी विधवा स्त्रियांनी आपल्या घराच्या खोल्या अशा माणसांसाठी काढून दिल्या. पुढे १९५० च्या दुरुस्तीने संस्थेला परस्पर पैसे देण्याची सोय केली आणि अशा संस्थांना परवाने देण्याची व्यवस्था राज्यांनी करावी असे ठरविले. आजचे अमेरिकन शुश्रूषागृह कोणी योजून उभारलेले नाही. एका निषेधाच्या कलमाच्या सावलीत ते वाढले आहे.

३० जुलै १९६५ रोजी मेडिकेअर आणि मेडिकेड ह्या दोन योजनांवर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. मेडिकेअर ही मुख्यतः पासष्ट वर्षांवरील सर्वांसाठी असलेली संघशासनाची योजना. ती रुग्णालयातून बाहेर पडल्यावर कुशल परिचर्येसाठी कमाल शंभर दिवस शुश्रूषागृहाचा भार उचलते. त्यापुढील, केवळ अंग धुणे-भरविणे ह्या स्वरूपाची शुश्रूषा ती देत नाही. अशा शुश्रूषेला तेथील कायद्यात 'कस्टोडियल' हे विशेषण आहे. हा शब्द पहारेकरी ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला असून बंदिवानाच्या 'कस्टडी'शी त्याचे सख्खे नाते आहे. माणसाला जगविणाऱ्या कामाला 'राखण' असे नाव देऊन ते योजनेबाहेर टाकण्यात आले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

मेडिकेड ही गरिबांसाठी असलेली, संघशासन आणि राज्ये ह्यांची भागीदारीतील योजना. तिच्यात प्रौढांसाठी शुश्रूषागृहाची सोय राज्यांवर बंधनकारक झाली, तर घरी येऊन अंगसेवा करणाऱ्या माणसाची सोय ऐच्छिक राहिली. ज्याला शुश्रूषागृहाचा खर्च परवडत नाही तो आपली शिल्लक संपवितो. बहुतेक राज्यांत ती सुमारे दोन हजार डॉलरवर आली म्हणजे तो मेडिकेडला पात्र होतो. येणेप्रमाणे गरिबांच्या औषधोपचारासाठी काढलेली योजना मध्यमवर्गाच्या म्हातारपणाची मुख्य सार्वजनिक आधारशिला होऊन बसली. प्रत्येक राज्याने मेडिकेडसाठी 'एकच राज्ययंत्रणा' नेमावी असे कायदा सांगतो. ती एक यंत्रणा नेमली गेलीही. पण वृद्धांच्या सेवा, मनोरुग्णालये, विकासात्मक अपंगत्व आणि गृहनिर्माण ही खाती तिच्या बाहेरच राहिली.

येथे एक हिशेबी विपर्यास उत्पन्न झाला. घरसेवेचे कार्यालय एखाद्या वृद्धेला घरी टिकवून ठेवी तेव्हा खर्च त्याच्या ठरीव अंदाजपत्रकातून जाई आणि बचत दुसऱ्याच खात्याची होई. उलट ती शुश्रूषागृहात गेली तर घरसेवेचे कार्यालय सुटे आणि बिल जिकडून न थांबता भरले जाई तिकडे जाई. प्रत्येक अधिकारी आपल्या परीने काटकसरीने वागे आणि राज्य मात्र सर्वांत महाग मार्गाने जाई. ह्यात कोणाची दुष्टबुद्धी शोधण्याचे कारण नाही.

ह्या व्यवस्थेचा चटका देशाला एका लहान मुलीच्या निमित्ताने बसला. आयोवा राज्यातील सीडर रॅपिड्स येथील केटी बेकेट ही १९७८ साली जन्मलेली मुलगी काही महिन्यांची असताना मेंदूच्या दाहाने आजारी पडली आणि श्वासासाठी यंत्रावर अवलंबून राहू लागली. ती घरी जाण्याजोगी झाली तरी घरी जाऊ शकत नव्हती. रुग्णालयात असेतो तिचा खर्च मेडिकेड देई. ती घरी गेली की आईवडिलांचे उत्पन्न तिचे म्हणून धरले जाई आणि तिचा हक्क जाई. १० नोव्हेंबर १९८१ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन ह्यांनी पत्रकार परिषदेत हा दाखला दिला. तिच्यापुरता नियम शिथिल झाला, आणि १९८२ च्या कायद्याने अशा मुलांना घरी ठेवून मेडिकेड देण्याची मुभा राज्यांना मिळाली. केटी बेकेट पुढे शिकली, अपंगांच्या हक्कांसाठी बोलू लागली आणि २०१२ साली चौतिसाव्या वर्षी वारली. रुग्णालयाने ज्या वयात तिला अडवून धरले होते, त्याच्या कितीतरी पट आयुष्य तिने बाहेर काढले.

त्याच वर्षी, म्हणजे १९८१ च्या ऑगस्टमध्ये, अधिक व्यापक अशी एक तरतूद कायद्यात आली होती. राज्याने मागणी केल्यास मेडिकेडचे काही नियम त्याच्यापुरते स्थगित करून शुश्रूषागृहाच्या ऐवजी घरी व वस्तीत सेवा देण्याची परवानगी तिने दिली. हिला 'वेव्हर' म्हणजे सूट असे नाव पडले आणि तेच आजतागायत रूढ आहे. सूट मिळण्यास अटी तीन. मनुष्य शुश्रूषागृहात ठेवण्याइतका परावलंबी असला पाहिजे. घरच्या सेवेचा सरासरी खर्च संस्थेच्या खर्चाहून अधिक होता कामा नये. आणि किती जणांना सूट द्यावयाची ती संख्या राज्याला मर्यादित करता येते. संस्कृत व्याकरणाची परिभाषा वापरून सांगावयाचे तर ह्या कायद्यात संस्था हा उत्सर्ग आहे आणि घर हा अपवाद आहे. वैयाकरणांच्या मते अपवाद आपल्या क्षेत्रात उत्सर्गापेक्षा बलवान असतो. येथे मात्र तो दुबळा आहे. शुश्रूषागृहाची खाट हा पात्र माणसाचा हक्क; घरची सेवा ही संख्या शिल्लक असेल तर मिळणारी सवलत.

ह्या अपवादाचा उपयोग करून घेण्यात ऑरेगन राज्य पहिले. त्याची तयारी आधीपासून झालेली होती. १९७५ साली त्या राज्याने स्वतःच्या पैशातून वृद्धांना घरकामात व अंगसेवेत मदत देणारी एक योजना सुरू केली होती. १९८१ साली विधिमंडळाने वृद्धसेवांचा एक स्वतंत्र विभाग स्थापला आणि ही योजना, संघशासनाच्या वृद्धविषयक कायद्याखालील पैसा, तसेच मेडिकेडमधील दीर्घकालीन शुश्रूषेचा सर्व पैसा, शुश्रूषागृहांची बिले धरून, त्या एकाच विभागाकडे सोपविला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात देशातील पहिली सूट ऑरेगनला मिळाली. स्थानिक कार्यालयातील एकच कर्मचारी आता अर्जदाराचे उत्पन्न तपाशी, त्याच्या शरीराची अवस्था नोंदवी आणि घर, लहान निवास की शुश्रूषागृह ह्याची चर्चा त्याच्याशी करी. एका घरात पाचपर्यंत परावलंबी माणसे सांभाळण्याचा परवाना सामान्य गृहस्थाला मिळू लागला. आणखी एक बदल दिसावयास किरकोळ पण परिणामाने मोठा होता. इन्सुलिनची सुई टोचण्यासारखी कामे परिचारिकेने शिकवून, देखरेख ठेवून, अशिक्षित साहाय्यकाकडे सोपवावीत अशी मोकळीक परिचर्येच्या नियमांत देण्यात आली. ती नसती तर दिवसातून दोनदा टोचावयाच्या सुईपायी कित्येकांना घर सोडावे लागले असते.

१९९४ साली संघशासनाच्या लेखापरीक्षण कार्यालयाने ऑरेगन, वॉशिंग्टन आणि विस्कॉन्सिन ह्या तीन राज्यांची पाहणी करून असा निष्कर्ष काढला की घरसेवा वाढवूनही शुश्रूषागृहांची वाढ रोखणे आणि खर्च आवाक्यात ठेवणे त्यांना साधले आहे. तथापि ऑरेगनचे चित्र सरसकट उजळ रंगविणे योग्य होणार नाही. तेथे परावलंबनाच्या अठरा पायऱ्या ठरविलेल्या आहेत. पहिल्या पायरीवरचा मनुष्य सर्वस्वी परावलंबी, शेवटच्या पायरीवरचा जेमतेम. २००३ च्या आर्थिक संकटात तळच्या पायऱ्यांवरील लोकांच्या सेवा बंद करण्यात आल्या. संयोजन उत्तम असल्यामुळेच ही कपात झपाट्याने करता आली, असेही म्हणता येईल. जी यंत्रणा एका अंकात माणसाची अवस्था मांडते, तिला त्या अंकाखाली रेघ ओढणे अवघड नसते.

ह्या अंकाची घडण कशी होते हे पाहणे उद्बोधक आहे. क्लीव्हलँड येथील वैद्य सिडनी कॅट्झ आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९६३ साली दैनंदिन क्रियांची एक मापनपट्टी प्रसिद्ध केली. स्नान, वस्त्रधारण, शौच, अंथरुणातून खुर्चीत जाणे, मलमूत्राचा संयम आणि भोजन ह्या सहा क्रियांत मनुष्य स्वावलंबी आहे की परावलंबी, एवढेच तीत नोंदवावयाचे असते. बहुतेक राज्यांच्या आजच्या प्रश्नावल्यांच्या मुळाशी ही किंवा हिच्यासारखी पट्टी आहे. कॅट्झ ह्यांना असे आढळले की ह्या क्रिया परत येण्याचा क्रम बालक त्या शिकते त्या क्रमाशी जुळतो. जी क्रिया बालक शेवटी शिकते ती आजारात प्रथम जाते. भाषाभ्यासकांना येथे रोमान याकॉब्सन ह्यांच्या १९४१ मधील ग्रंथाची आठवण होईल. वाचाघातात ध्वनी लोपण्याचा क्रम हा बालकाने ध्वनी आत्मसात करण्याच्या क्रमाच्या उलट असतो, असे प्रतिपादन त्यांनी त्यात केले होते. दोन्ही सिद्धान्तांचे आकर्षण त्यांच्या सोपेपणात आहे, आणि दोन्ही प्रत्यक्ष रुग्णांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत. कॅट्झ ह्यांच्या पट्टीत केवळ पाठ धुऊन द्यावी लागली तर मनुष्य स्वावलंबीच धरला जातो. बुटाचे बंद बांधणे आणि ताटातील मांस कापून देणे हिशेबात घेतले जात नाही. शास्त्रीय मापनात अशा रेषा ओढाव्याच लागतात. पण हीच रेषा शासनाच्या हाती गेली म्हणजे तिच्या अलीकडे की पलीकडे ह्यावर सकाळी कोणी दार ठोठावणार की नाही हे ठरते.

आतापर्यंत वृद्ध आणि अपंग हे शब्द जोडीने आले आहेत. परंतु ह्या दोन वर्गांच्या सेवांचा उगम आणि परिभाषा दोन्ही भिन्न आहेत. वृद्धांच्या सेवा १४ जुलै १९६५ च्या वृद्धविषयक कायद्यापासून आणि १९७३ साली त्याखाली योजलेल्या क्षेत्रीय संस्थांपासून वाढल्या. तेथील भाषा सुरक्षिततेची: पडू नये, एकटे राहू नये, वेळेवर जेवण पोहोचावे. अपंगांची चळवळ मात्र कॅलिफोर्नियातील बर्कली येथे १९७२ साली स्थापन झालेल्या स्वतंत्र जीवन केंद्रातून बळावली. तिचे अग्रणी एड रॉबर्ट्स हे पोलिओमुळे मानेखाली लुळे झालेले, रात्री श्वसनयंत्रात झोपणारे गृहस्थ होते. त्यांच्या अनुयायांना शुश्रूषा हा शब्दच नको होता. रुग्ण नव्हे तर ग्राहक, परिचारिका नव्हे तर वैयक्तिक साहाय्यक, आणि त्या साहाय्यकाला नेमण्याचा व काढण्याचा अधिकार आपला, अशी त्यांची मागणी. ह्या आग्रहामुळेच सरकारी कागदांत 'दीर्घकालीन शुश्रूषा' मागे पडून 'दीर्घकालीन सेवा व साहाय्य' हे लांबलचक नाव आले. ते कानाला रुक्ष लागते, पण त्यात काम करून घेणाऱ्या माणसाचा मान राखला आहे. वृद्धांसाठीची आणि अपंगांसाठीची संघशासनाची कार्यालये २०१२ साली एका प्रशासनाखाली आली. काही राज्यांत ते त्याआधीच घडले होते.

विस्कॉन्सिन हे त्यांपैकी एक. तेथे १९९० नंतरच्या दशकात वृद्ध आणि अपंग ह्यांना समाईक अशी परगणावार माहिती केंद्रे निघाली आणि १९९९ च्या कायद्याने 'फॅमिली केअर' ही योजना पाच परगण्यांत सुरू करण्याचे ठरले. केंद्रात येणारा गरीब आहे की सधन हे प्रथम विचारले जात नाही. मेडिकेडला पात्र नसलेल्यासही कोणता मार्ग मोकळा आहे हे सांगितले जाते. पात्रतेची तपासणी केंद्र करते, सेवा मात्र दुसरी संस्था देते. जो सेवा विकतो त्यानेच गरज मोजू नये, हा त्यामागील विचार. सेवा देणाऱ्या संस्थेला माणशी दरमहा ठराविक रक्कम मिळते. तीतच घर, निवास आणि शुश्रूषागृह ह्या सर्वांचा खर्च भागवावयाचा असतो. ऑरेगनमध्ये दोन थैल्या एका विभागाच्या हाती आल्या होत्या, येथे त्या एकाच रकमेत मिसळल्या. योजना ज्या परगण्यात पूर्णपणे लागू झाली तेथे पात्र माणसासाठी प्रतीक्षायादी राहिली नाही. २००३ पासून संघशासनाने अशी माहिती केंद्रे काढण्यास इतर राज्यांना अनुदान दिले. पुष्कळ राज्यांनी केंद्रे काढली, पण थैल्या एकत्र केल्या नाहीत. अशा ठिकाणी दार एक झाले, पण दारापलीकडे पूर्वीच्याच रांगा राहिल्या.

हा केवळ सोयीचा प्रश्न नसून हक्काचा प्रश्न आहे, असे न्यायालयाने सांगितले ते जॉर्जिया राज्यातील खटल्यात. लोइस कर्टिस आणि एलेन विल्सन ह्या दोघी बौद्धिक अपंगत्व व मानसिक आजार असलेल्या स्त्रिया अटलांटा येथील राज्याच्या रुग्णालयात होत्या. त्यांनी बाहेर वस्तीत राहण्यास हरकत नाही असे त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांनीच ठरविले होते, तरी बाहेर जागा नाही म्हणून त्या आतच राहिल्या. २२ जून १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती गिन्सबर्ग ह्यांचे होते. अपंग माणसास कारण नसताना संस्थेत अलग ठेवणे हा १९९० च्या अपंगविषयक कायद्याखाली भेदभाव होय, असे त्यांनी म्हटले. मात्र राज्याच्या साधनांना मर्यादा असतात हेही मान्य केले. परिणामकारक योजना असेल आणि प्रतीक्षायादी वाजवी गतीने पुढे सरकत असेल तर राज्य दोषी ठरणार नाही. ही वाजवी गती किती, ह्यावर पुढे अनेक खटले झाले. लोइस कर्टिस पुढे स्वतःच्या घरी राहिल्या, चित्रे काढू लागल्या, आणि २०११ साली आपले एक चित्र त्यांनी राष्ट्राध्यक्ष ओबामा ह्यांना भेट दिले. २०२२ साली त्या वारल्या.

२००५ च्या एका कायद्याने संस्थेतून घरी परतणाऱ्या माणसाबरोबर पैसाही जावा अशी तरतूद केली आणि तिच्याखाली एक लाखाहून अधिक माणसे बाहेर पडली. २०१३ साली मेडिकेडच्या दीर्घकालीन सेवांवरील खर्चात घर व वस्ती ह्यांचा वाटा प्रथमच निम्म्याच्या वर गेला. आकड्यांत अपवाद उत्सर्गाहून मोठा झाला. कायद्यात मात्र तो अपवादच राहिला. म्हणूनच २०२४ साली देशभरच्या सूट-योजनांच्या प्रतीक्षायाद्यांवर सात लाखांहून अधिक नावे होती, त्यांतील बहुसंख्य बौद्धिक व विकासात्मक अपंगत्व असलेल्यांची. शुश्रूषागृहासाठी अशी यादी ठेवता येत नाही. ऑरेगनने २०१३ साली नव्या ऐच्छिक कलमाखाली आपल्या घरसेवा राज्याच्या मूळ मेडिकेड योजनेत घेतल्या आणि हा भेद पुष्कळसा मिटविला. त्याचे अनुकरण मोजक्याच राज्यांनी केले.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचा ह्या व्यवस्थेशी संबंध येतो तो बहुधा आईवडिलांना तिकडे कायम नेल्यावर. १९९६ च्या कायद्यानुसार कायम वास्तव्याचा परवाना मिळाल्यावरही सामान्यतः पाच वर्षे संघशासनाच्या पैशातील मेडिकेड मिळत नाही. काही राज्ये स्वतःच्या पैशातून कमीअधिक सोय करतात. मेडिकेअर पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर हप्ता भरून घेता येते, पण अंगसेवा तिच्यात नाही हे वर आलेच आहे. पात्रता आल्यावर मूल्यमापनाचा प्रसंग येतो आणि तेथे भाषेची गाठ पडते. 'आंघोळ स्वतः करता का?' ह्या प्रश्नाला आजीबाई 'करते की, सूनबाई पाणी काढून देते आणि पाठ चोळते, एवढंच' असे उत्तर देतील. मापनपट्टीप्रमाणे त्या स्वावलंबी ठरतील. 'लुगडं नेसते' आणि 'लुगडं नेसविते' ह्यांत एका अक्षराचा फरक आहे. पहिल्या रूपात आजी स्वतः नेसते, दुसऱ्यात सून तिला नेसविते. घाईच्या भाषांतरात तो फरक नाहीसा होतो आणि त्याबरोबर आठवड्याचे काही तासही. 'करून देणे' आणि 'करून घेणे' ह्या मराठी संयुक्त क्रियांत साहाय्याची दिशा अचूक सांगितलेली असते, तर इंग्रजी प्रश्नावलीत सगळ्याला मिळून 'हेल्प' हा एकच शब्द. त्यातून दुसऱ्याकडून करून घेत नाही असे सांगण्यात मानाचा भाग असतो, आणि सुनेपुढे तर तो अधिकच.

संघशासनाचा पैसा घेणाऱ्या कार्यालयाने भाषेच्या कारणाने कोणास वंचित ठेवू नये हे १९६४ च्या नागरी हक्क कायद्यावरून निघते, आणि म्हणून दुभाष्याची मागणी करता येते. व्यवहारात दुभाष्याचे काम घरचेच माणूस करते. ते माणूस सेवा करणारेही असते, आणि घरचे जे काम विनामूल्य करतात तेवढे तास मूल्यमापक वजा करतो. सून जितकी कर्तव्यदक्ष तितका सासूचा हक्क लहान. कॅलिफोर्नियाच्या घरसेवा योजनेत नातेवाइकासही साहाय्यक म्हणून मोबदला मिळू शकतो. तेथे मुलगी किंवा सून कागदोपत्री 'सेवा पुरविणारी' होते आणि तासांचा तक्ता भरते. अनेक घरांत ह्या नव्या नात्याला जागा करून द्यावयास वेळ लागतो.

वॉशिंग्टन राज्याने निराळी वाट धरली आहे. माणूस निर्धन होईपर्यंत थांबावयाचे कशाला, असा प्रश्न विचारून त्याने २०१९ साली दीर्घकालीन शुश्रूषेचा सार्वजनिक विमा कायद्याने स्थापन केला. १ जुलै २०२३ पासून कामगारांच्या वेतनातून ०.५८ टक्के वर्गणी कापली जाऊ लागली. आयुष्यभरात कमाल ३६,५०० डॉलर इतका लाभ जुलै २०२६ पासून देण्याचे ठरले. ही रक्कम शुश्रूषागृहाच्या काही महिन्यांपुरतीच आहे, परंतु घरी येणाऱ्या साहाय्यकावर खर्चिली तर ती बरीच अधिक काळ पुरते. हा विमा ऐच्छिक करावा असा प्रस्ताव नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांपुढे आला आणि त्यांनी तो फेटाळला.

४ जुलै २०२५ रोजी संमत झालेल्या संघकायद्याने मेडिकेडवरील संघशासनाच्या खर्चात मोठी कपात योजिली आहे. तूट भरून काढावयाची वेळ राज्यांवर येईल तेव्हा बंधनकारक शुश्रूषागृहाला हात लावता येणार नाही. हात पोहोचेल तो ऐच्छिक घरसेवेपर्यंतच. त्याच कायद्यात एक नवीन कलम आहे. शुश्रूषागृहात ठेवण्याइतक्या परावलंबी नसलेल्या माणसांनाही घरी सेवा देण्याची परवानगी जुलै २०२८ पासून राज्यांना मागता येईल. १९८१ पासून चालत आलेली पहिली अट त्यांच्यापुरती सुटेल. ह्या परवानगीलाही नाव 'वेव्हर' हेच आहे, आणि तिच्यातील माणसांची संख्या मर्यादित ठेवण्याचा अधिकार राज्यांकडेच राहील.